अंगठ्याचा ड्रायव्हर

सोहार बंदराच्या मागे, पत्र्याच्या वर्कशॉपला चिकटून
टाइमकीपरची केबिन.
एसीच्या पाण्याखाली तुपाचा रिकामा डबा.
“काय झालं रे मशीनला?” पारकरचाचा विचारतात.
“ड्रायव्हर जुना झालाय.”
ते खिडकीतून बसकडे बघतात.
“गुलशेर? गेल्या महिन्यातच लायसन नवं केलं की त्याचं.”

मी हसू गिळतो, खुर्ची ओढतो.
हा ड्रायव्हर दिसत नाही, चाचा.
अंगठे घेणारं ते काळं यंत्र आणि हा कॉम्प्युटर
यांच्यातला दुभाषी.
जन्म दोन हजार अकरा.
लिहिणारी कंपनी बुडाली, तिच्या नंबरवर
आता कुणी खजूर विकतं.

पडद्यावर पिवळा त्रिकोण:
मेमरी इंटेग्रिटी बंद आहे.
म्हणजे सगळ्यात आतल्या खोलीवर
नवा पहारेकरी नेमलाय, आणि तो म्हणतो,
आधी त्या म्हाताऱ्याला बाहेर काढा,
त्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या आहेत
आणि त्याचा परवाना मला वाचता येत नाही.
मस्कतहून मेल आलाय: रविवारपर्यंत
सगळे त्रिकोण हिरवे हवेत.

शोधतो. नवी आवृत्ती नाही.
एका कोरियन साइटवरची फाइल
सत्त्याण्णव टक्क्यांवर दोनदा मरते,
तिसऱ्यांदा उतरते
तर तिच्यावरही तीच तारीख.

“काढून टाकू?”

चाचा चष्मा काढतात, सदऱ्याला पुसतात.
मूळचे हर्णैचे, इथे एकवीस वर्षं.
“काढ की. पण ऐक.
पहिल्या वर्षी हा निम्म्या लोकांना वळखतच नव्हता.
सिमेंटनं रेषा खाल्लेल्या.
पहाटे साडेचारला रांग. अंगठ्याला थुंकी लाव,
पँटला पूस, परत लाव.
ही आतली बाई आपली गोड आवाजात,
प्लीज ट्राय अगेन.
अर्धा दिवस गेला पगारातला.
मग रेनाटो म्हणून पोरगा आला, मनिलाचा.
त्यानं आत कायतरी सैल केलं.
तवापासून कुणाचा दिवस कापला नाय.”

सैल.
मी सेटिंग उघडतो.
नव्वदावर हवा तो आकडा
एकेचाळीसवर.
सहज माझाच अंगठा काचेवर ठेवतो.
हिरवा दिवा, गोड आवाज:
वेलकम, शफीकुल इस्लाम.
खाली बारीक अक्षरात: शटरिंग कारपेंटर.

“हा शफीकुल कुठाय?”
“गेला गावाला. दोन वर्षं झाली.”
चाचा चहा ओततात, मला एक, त्यांना एक,
आणि क्षणभर वाटतं तिसरा कप काढतायत.

आज्ञा टाइप करतो. फाइल क्रमांक सत्तेचाळीस. डिलीट.
कॉम्प्युटर बंद होतो, केबिनमध्ये
फक्त डब्यात पडणारं पाणी.
परत चालू. स्विच सरकवतो, या वेळी सरकतो.
हिरवं.
काळ्या यंत्राच्या काचेमागचा दिवा मात्र
लागत नाही.
कॉम्प्युटर त्याला म्हणतो: अनोळखी उपकरण.

चाचांनी काही विचारलं नाही.
खणातून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली,
पट्टी ठेवून रकाने आखायला घेतले.
“दोनशे बारा माणसं,” ते म्हणाले,
“तोंडं तर मला पाठ आहेत.”

मी सर्व्हिस रिपोर्ट भरतो.
तक्रार: जुना ड्रायव्हर, सुरक्षेशी संघर्ष.
उपाय: काढला.
स्थिती: पूर्ण.
शेरा या रकान्यात साधारणपणे
मी आडवी रेघ मारतो.
आज लिहिलं: नवं यंत्र येईपर्यंत हजेरी वहीत.
त्या कारणाने कुणाचा पगार कापू नये.

दुसरं वाक्य माझ्या कामात बसत नाही.
म्हणून बॉलपेन जरा दाबूनच चालवलं,
खालच्या तिन्ही कार्बनवर उमटेल असं.